अर्थ सांगा, वाक्यात वापरा

सौंसरच्या बसस्टँडसमोर गजाननचा चहाचा ठेला आहे. रिटायर झालेले डोंगरे सर रोज सकाळी तिथे यायचे, रुमालानं बाक झटकून बसायचे आणि चहा यायच्या आत कुणाला तरी एक इंग्रजी शब्द विचारायचे. "अर्थ सांगा, वाक्यात वापरा." ज्याला येणार नाही त्यानं उठून सगळ्यांना पाणी वाटायचं, हा त्यांचाच नियम.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. बोरगावच्या रस्त्याला संत्र्याची बाग माझी, पण ठेल्यावर पाणी बहुतेक मीच वाटायचो. "नामदेवराव, अर्थ तर परीक्षेच्या कुंजीतही भेटते," सर म्हणायचे. "वाक्यात बसवला तवाच शब्द आपला. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी. वाक्य मीच सांगतो. नामदेवराव इज ऑब्स्टिनेट." लोक हसायचे, मीही हसायचो.

माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. माझी सुनंदा दहावीला इंग्रजीत अडकली तेव्हा उन्हाळाभर त्यांनी तिला घरी बसवून शिकवलं. फीचं विचारलं तर भडकले, "मंडी आहे का हे, भाव करून राहिले?" त्यांच्या घरी पहिल्या तोड्याची संत्री मी दरवर्षी पाठवायचो. ते वेगळं, हे वेगळं.

सुनंदाला बघायला मोहगावचे पाहुणे आले. बसमधून उतरले तसं मी त्यांना ठेल्यावर चहाला थांबवलं. सरांनी ओळख करून घेतली आणि त्यांच्यादेखत मला म्हणाले, "नामदेवराव, ह्युमिलिएट. अर्थ सांगा, वाक्यात वापरा."

"सर, आज राहू द्या."

"नियम म्हणजे नियम."

मी उठलो. होणाऱ्या व्याह्यापुढे ग्लास धरला. व्याही हसत म्हणाले, "पोरगी तरी शिकेल आहे ना, का तेही अशीच?" लग्न झालं. पण पहिल्या दिवाळीला सुनंदा घरी आली तेव्हा रडत सांगत होती, पोळी करपली की सासू म्हणते, पाणीवाल्याची पोर.

पुढे मोबाइल आला. त्यात बोलून विचारलं की अर्थ ऐकू येतो. मी तोच शब्द विचारला. चारचौघांत मान खाली घालायला लावणे, असं उत्तर आलं. त्याच दिवशी ठरवलं, याच ठेल्यावर, याच माणसाला हाच शब्द विचारायचा. पण सरांना तर तो येत होता. मी वाट पाहिली.

मग सरांना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. बऱ्याच महिन्यांनी मुलाचा हात धरून ते ठेल्यावर आले. डाव्या हातानं बाक झटकून बसले. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"सर, ह्युमिलिएट. अर्थ सांगा, वाक्यात वापरा."

गजानन म्हणाला, "भाऊ, वाक्य तर तुम्हीच करून राहिले."

"तू चहा कर."

सरांचे ओठ हलले. ह, ह, एवढंच निघालं. मुलगा म्हणाला, "काका, बस करा ना." सरांनी त्यालाच हातानं गप्प केलं. उठले, डाव्या हातानं जगमधून पाणी ओतलं, अर्धं माझ्या धोतरावर सांडलं, आणि ग्लास पुढे केला. मी घेतला. सावकाश, सगळा प्यालो. इतकं गोड पाणी मी आयुष्यात प्यालो नाही.

त्यानंतर ते ठेल्यावर आले नाहीत. थंडीत गेले. तेरवीला मी गेलो. डोंगरे वहिनींनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवसापासून रोज डाव्या हातानं ग्लास भरून पाहत होते. आंगणभर पाणी. म्हटलं, कायले हो? तर ठेल्याच्या दिशेनं बोट दाखवत. शेवटी शेवटी एक थेंब सांडत नव्हता."

म्हणजे त्यांना परत यायचं होतं. नियमाप्रमाणे, न सांडता.

मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. सुनंदाला ती सासू अजून तेच ऐकवते. पण वहिनींनी दिलेला ग्लास मी तसाच ठेवला आणि हार घातलेल्या फोटोकडे पाहून म्हणालो, "डोंगरे सर इज ऑब्स्टिनेट."

जन्मात पहिलं वाक्य केलं, आणि ते तपासायला हा माणूस थांबला नाही. याचीही माफी त्यांना नाही.