बाहेर असलेल्यांचं गाऱ्हाणं

मी निघाले त्या सकाळी बाबा होडीवर गेले नाहीत. तुळशीपुढे नारळ ठेवून त्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या आमचा चेडू परमुलखात जाता हा. वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर, आणि तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!" आई, काका, शेजारची माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मला हसू येत होतं. आठवीत शाळा सोडून आईबरोबर मासळी निवडणाऱ्या मुलीसाठी देवाला एवढं ओरडून कशाला सांगायचं? कणकवलीला गाडी हलली आणि मी मागे वळून बघायला लागले. ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

वडोदऱ्याला एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. मालकांची आई, जिला सगळे बा म्हणत, संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायची. तिची गुजराती मला कळायची नाही, माझं मालवणी तिला. तरी बसायची. मी वाया गेले नाही ती बामुळे. म्हणून बा वारल्यावर, मुलींच्या आश्रयगृहात त्यांना सोबत करायला दर रविवारी येणारी माणसं हवीत असं ऐकलं तेव्हा भीतभीत गेले. तिथे आम्हाला मेंटर म्हणतात. "माझं शिक्षण नाही हो," मी सांगून टाकलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "रविवार चुकवू नका, बस्स."

माझ्या वाट्याला रेश्मा आली. स्टेशनवर वाढलेली, एका माणसाच्या तावडीतून सोडवलेली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "दीदी, तुम तो आठवी फेल!"

"फेल नाही गो, सोडली."

"एक ही बात!" आणि खो खो हसली. त्या हसण्यावर मी किती रविवार काढले.

अठरा पूर्ण झाल्यावर तिला शिवणाच्या कारखान्यात काम आणि खोली मिळाली. ती निघाली त्या दिवशी मी नारळ घेऊन गेले. गाऱ्हाण्यात माणसाचं गाव सांगावं लागतं. "तुझं गाव कुठलं?" विचारलं, तर खांदे उडवून म्हणाली, "प्लॅटफॉर्म." मी देवाला सांगितलं, ह्या चेडू आमच्या मालवणचा. 'व्हय म्हाराजा' म्हणायला दुसरं कुणीच नव्हतं. तेव्हा तीच, स्वतःच्याच गाऱ्हाण्याला, अंगण दणाणून सोडत म्हणाली, "व्हय म्हाराज्जा!"

थोडे दिवस फोन यायचा. मग बंद. खोलीवर गेले, तर शेजारीण म्हणाली, एक माणूस येऊन तिला घेऊन गेला. ज्याच्या तावडीतून तिला सोडवलं होतं, वर्णन त्याचंच होतं. आश्रयगृहाच्या बाईंनी पोलिसांत कळवलं, स्टेशन पालथं घातलं. रेश्मा सापडली नाही. आता अनोळखी नंबर आला की मी पिठाच्या हातानेच फोन घेते. कर्जवाले असतात, नाहीतर राँग नंबर.

घरी फोनवर रडत सगळं सांगितलं होतं. नारळी पौर्णिमेला चुलतभावाने बंदरावरून व्हिडिओ कॉल लावला. बाबा पाण्यात उभे होते, हातात नारळ. वाऱ्यातून आवाज येत होता.

"बा देवा म्हाराजा, माझी दोन चेडवां भायर आसत. एक वडोदऱ्याक, दुसऱ्याचो ठावठिकाणो तुकाच ठावक..."

मागून आई म्हणाली, "अवो, ता चेडू गेला मा खंयतरी?"

"म्हणानच सांगतंय," बाबा तिच्यावरच खेकसले. "घरात आसलेल्याचा देवाक कित्याक सांगूचा?" आणि पुन्हा समुद्राकडे वळले. "जंय आसतीत थंय तेंची राखण कर, आणि दोघांकय घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं बंदर म्हणालं. मी मेसच्या मोरीपाशी फोन धरून उभी होते. पिठाच्या हातानेच फोनचा आवाज वाढवला.

गावातल्यांनो, आणि माझ्यासारख्या लांब जाऊन पडलेल्यांनो, आईबाबांच्या मागे आमचं घर राहील न राहील. माझ्यासाठी आता घर म्हणजे ती जागा, जिथे आपण बाहेर आहोत हे कुणीतरी अजून देवाला ओरडून सांगतं.

रेश्मा, तुझंही सांगतात गो. मालवणात.