गौरीला ऐकू येतं असं सगळे म्हणत होते

अण्णांनी पिशवीतून स्टीलचं झाकण काढलं आणि माझ्या क्लिनिकच्या फरशीवर सोडून दिलं.

गौरी त्यांच्याकडे पाठ करून प्लॅस्टिकची गाडी फिरवत होती. ती दचकून वळली. बाकावर बसलेले बाकीचे पेशंटही वळले.

"बघितलंत मॅडम?" अण्णा म्हणाले. "ऐकायला येतंय की. हिला उगीच शंका."

हिला म्हणजे त्यांच्या सुनेला, शिल्पाला. ती खाली वाकून झाकण उचलत होती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कानाचा आजार ईएनटी डॉक्टर बघतात. माणसाला किती ऐकू येतं, कुठले आवाज येतात आणि कुठले येत नाहीत, ते मोजणं हे माझं काम. धारवाडात सुभाष रोडजवळ माझं क्लिनिक आहे. हुबळीपासून कलघटगीपर्यंतचे लोक येतात. म्हातारी माणसं जास्त येतात. लहान मुलं आली की त्यांच्यामागे घरात झालेला वाद हमखास येतो.

अण्णांचं हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. मूळचे गडहिंग्लजकडचे, पण आजोबांच्या वेळेपासून इथलेच. घरात मराठी, दुकानात कन्नड. शिल्पा कलघटगीजवळच्या एका खेड्यातली, कन्नड घरातली. मराठी लग्नानंतर शिकलेली. बोलताना अडखळायची. वाटीला "तो वाटी" म्हणायची आणि मग स्वतःच थांबायची.

गौरी तीन वर्षांची होऊन गेली होती. नीट असा एकही शब्द बोलत नव्हती. आ, ओ, मं असे आवाज काढायची आणि बोटानं दाखवायची.

"शंका कधीपासून आहे?" मी शिल्पाला विचारलं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.

"आमच्यात मुलं उशिराच बोलतात," अण्णा मध्येच म्हणाले. "गौरीचा बाप चौथं लागेपर्यंत मुका होता. आता दुकानात त्याचं तोंड मिटत नाही."

मी शिल्पाकडेच बघत राहिले. ती सावकाश सांगू लागली. मागून हाक मारली तर गौरी बघत नाही. समोर येऊन मारली तर हसते. रस्त्यानं ट्रक गेला की खिडकीशी पळते. दार आपटलं की वळते. पण कुकरची शिट्टी झाली तर मान वर करत नाही.

ही कुकरची गोष्ट ऐकून मी पेन खाली ठेवलं. पुष्कळ आया "ऐकत नाही" एवढंच सांगतात. हिनं कोणते आवाज पोचतात आणि कोणते राहतात, ते वेगळं काढलं होतं. स्वयंपाक करता करता.

"कुणाला दाखवलं होतं का?"

दाखवलं होतं. गौरी सव्वा वर्षाची असताना. त्या डॉक्टरांनी विचारलं, घरात भाषा किती? दोन, म्हटल्यावर ते म्हणाले, मग मूल गोंधळणारच. एक भाषा ठेवा, दोन वर्षं वाट बघा.

"मग आम्ही कन्नड बंद केलं," अण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. औषधाचं पथ्य सांगावं तसं सांगत होते. "हिलाही सांगितलं, पोरीशी मराठीतच बोल. हिच्या आईलाही सांगितलं."

"त्यांना मराठी येतं?"

"नाही हो. ती काय, खेड्यातली."

शिल्पाची आई दर महिन्याला नातीला बघायला यायची. ते सांगितल्यानंतरही काही दिवस आली. गौरीला मांडीवर घेऊन नुसती बसायची, भात भरवायची, निघून जायची. पुढं यायची थांबली. हे शिल्पानं मला सांगितलं, अण्णा बाहेर फोनवर बोलत असताना.

तपासणी सोपी असते. आवाज बाहेर जात नाही आणि आत येत नाही अशी एक खोली. मुलाच्या कानावर हेडफोन. आवाज आला की हातातला ठोकळा बादलीत टाकायचा, एवढाच खेळ. गौरीला तो लगेच समजला. हुशार होती.

जाड, घुमणारे आवाज दिले तेव्हा ठोकळे टपाटप पडले. मी आवाज बारीक, टोकदार करत गेले, तशी ती ठोकळा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. ती वाट बघत होती, मी खेळ पुढं कधी नेते म्हणून.

काचेपलीकडे शिल्पा उभी होती. तिला मशीनवरचे आकडे दिसत नव्हते. आवाज देताना माझं बोट बटणावर दाबलं जातं, तेवढं दिसत होतं. बोट दाबलं जातंय आणि ठोकळा पडत नाही, हे ती बघत होती.

खात्रीसाठी बेरा नावाची तपासणी केली. मूल झोपल्यावर डोक्याला छोट्या तारा चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. तिथं मुलाच्या उत्तराची गरज नसते. त्यातही तेच आलं. ईएनटी डॉक्टरांनी बघून सांगितलं, दोष आतल्या बाजूचा आहे, बहुधा जन्मापासूनचा. औषधानं जाणारा नाही. कानाला ऐकायचं मशीन लावायला हवं.

रिपोर्ट समजवायला मी तिघांनाही बोलावलं. शिल्पाच्या नवऱ्याला दुकान सोडता आलं नाही. पुन्हा अण्णा आणि शिल्पाच आले.

मी सांगितलं, "गौरी पूर्ण बहिरी नाही. जाड आवाज तिला येतात. ट्रक, दार, जोरात आपटलेलं भांडं, हे सगळं येतं. आपल्या बोलण्यातले आ, ओ, म, हेही थोडे येतात. पण स, श, च, त, क हे बारीक आवाज येतच नाहीत. तुम्ही 'चमचा' म्हटलं तर तिला मधलंच काहीतरी ऐकू येतं. कन्नड असो की मराठी, तिच्यापर्यंत अर्धंच पोचतं."

अण्णांनी रिपोर्ट स्वतःकडे ओढून घेतला.

"म्हणजे कन्नडमुळं नाही?"

"नाही."

"डॉक्टर म्हणाले होते."

"म्हणाले असतील. पण दोन भाषांनी कुणाचे कान जात नाहीत. आपल्या गावात एका भाषेत कुठलं मूल वाढतं, अण्णा? तुम्ही वाढलात?"

त्यांनी रिपोर्ट शिल्पाकडे सरकवला.

शिल्पा रडली नाही. तिनं विचारलं, "मी अगोदर आणलं असतं तर?"

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि माझ्याकडे त्याचं चांगलं उत्तर नाही. मूल पहिल्या एक-दोन वर्षांत जे ऐकतं त्यावर त्याचं बोलणं उभं राहतं. तो काळ गेला की शिकवता येतं, पण सगळं दुप्पट मेहनतीनं. खोटं सांगून तिला घरी पाठवता आलं असतं. पुढं सगळा भार तिच्यावरच पडणार होता, म्हणून खरं सांगितलं.

"फरक पडला असता," मी म्हटलं. "आताही पडेल. पण तेवढा नाही."

ती मान हलवत राहिली. मग माझ्याकडे बघत कन्नडात म्हणाली, "ना हेळिद्दे." म्हणजे, मी सांगितलं होतं.

अण्णांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी मान खाली घातली.

मशीनं आली, त्या दिवशी दोघं पुन्हा आले. पहिल्यांदा मशीन लावलं की मुलं कधी रडतात, कधी काढून फेकतात. गौरी गप्प झाली. पंख्याकडे बघितलं. कागद चुरगाळला तर माझ्या हाताकडे बघितलं.

मी शिल्पाला म्हटलं, "मागून हाक मारा."

तिनं तोंड उघडलं आणि आधी सासऱ्यांकडे बघितलं.

"कन्नडात बोल, बाळ," अण्णा म्हणाले. "तुझ्या मनात येईल ते बोल."

"गौरी," ती म्हणाली, "इल्ली बा."

गौरी वळली. पहिल्यांदाच मागून आलेल्या हाकेला वळली. पण जागची हलली नाही. आईच्या ओठांकडे बघत राहिली. कन्नड बोलणारे ते ओठ तिच्या ओळखीचे नव्हते. कान नसताना ती जे काही शिकली होती ते ओठ बघून, आणि दोन वर्षं आईचे ओठ मराठीच बोलत होते.

शिल्पा थांबली. मग म्हणाली, "गौरी, इकडे ये."

ती पळत गेली.

मी मशीनच्या सेटिंगमध्ये डोकं घातलं. अण्णा उठून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच आले, बॅटरीच्या निमित्तानं. बॅटऱ्या मी भरपूर दिल्या होत्या. बसले, पाणी प्यायले आणि सांगितलं की कलघटगीला जाऊन आलो. विहीणबाईंना आणायला.

"आल्या?"

"नाही. जेवायला वाढलं. चांगलं बोलली. मी म्हटलं, चला, पोरीशी बोला, तुमच्या भाषेत बोला, माझी चूक झाली. तर म्हणाली, 'ननग मराठी बरूदिल्ल.' मला मराठी येत नाही. मी परत सांगितलं, मराठी नको हो. ती परत तेच म्हणाली."

त्यानंतर वर्षभरात शिल्पाची आई वारली. नातीशी तिचं बोलणं झालं नाही.

गौरी आता दुसरीत आहे. बोलते. अनोळखी माणसाला पहिलं वाक्य कळत नाही, दुसरं कळतं. स आणि श अजून घसरतात. कन्नड ती शाळेतून शिकते आहे, पाहुण्यासारखं. शिल्पा तिला थेरपीला घेऊन येते, वेळ चुकवत नाही. आल्यावर माझ्याशी ती कन्नडात बोलते आणि मुलीशी मराठीत. एकदा मी विचारलं, घरी कन्नड बोलता का? ती म्हणाली, "बोलते मॅडम. पण आधी मराठीत सांगते, मग कन्नडात. उलटं जमत नाही आता."

ज्या डॉक्टरांनी भाषा बंद करायला सांगितली, ते वाईट नव्हते. अण्णाही नव्हते. सगळे गौरीचं भलंच बघत होते. त्यामुळे रागावायला कुणी उरत नाही, आणि रागावून काही उपयोगही होत नाही.

मूल बोलत नसेल तर आधी कान मोजून घ्या. फार वेळ लागत नाही, दुखत नाही. आई म्हणाली की ऐकू येत नाही, तर ती बरोबर की चूक ते मशीनला ठरवू द्या. घरच्यांनी ठरवू नये.