बोटाला लागलेली रेघ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मोर्चात डोक्यावर दगडही खाल्ले. पण चार माणसं जमली आणि "एखादी केस सांगा की" म्हणाली, की मला आधी आठवतो तो एक विटका, मागून कापड लावलेला नकाशा. ऐकणारे हिरमुसतात. हिरमुसोत बापडे, मला तीच केस सांगायची असते.

मी तेव्हा पेणला पोलीस निरीक्षक होतो. आमच्या भागात जमिनीच्या झोनबद्दलची अपिलं ऐकायला एक समिती होती. एक अध्यक्ष आणि तीन तज्ज्ञ सदस्य: एक तरुण वास्तुविशारद बाई, एक निवृत्त नगररचनाकार आणि रोह्याचे एक निवृत्त अभियंता. या अभियंत्यांना सगळे नाना म्हणत, मीही तेच म्हणतो. खरी नावं कोणाचीच सांगणार नाही.

समितीपुढं एका पोह्याच्या गिरणीचं अपील होतं. गिरणी चालवणाऱ्या काकू विधवा, हाताखाली सहा बाया. आजूबाजूला नव्या इमारती झाल्या, तो पट्टा राहण्याचा झोन ठरला आणि तिथल्या शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून गिरणीमागची भात भाजायची भट्टी बंद करा अशी नोटीस आली. नियम सरळ होता. भट्टी झोन ठरण्याआधीची असेल तर राहील, नंतरची असेल तर जाईल. भट्टी गेली की गिरणी गेली, कारण भाजल्याशिवाय पोहे होत नाहीत. काकूंच्या सासऱ्यांनी हातानं काढून घेतलेला जुना नकाशा हा एकमेव पुरावा होता आणि तो समितीच्या फायलीत होता. सुनावणीला आठवडा उरला असताना तो फायलीतून नाहीसा झाला.

समितीच्या सचिवांनी चोरीचा तक्रार अर्ज दिला. त्याच दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "नकाशात भट्टी नाहीच आहे. म्हणून त्या बाईनंच तो पळवला आणि भट्टीत घातला. राख बघा जाऊन." ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद केली आणि मी हवालदाराला घेऊन गिरणीवर गेलो.

भाताच्या तुसाच्या राखेत कागदाची राख शोधणं म्हणजे काय असतं ते मला विचारा! अर्धा तास आम्ही दोघं काठीनं ढवळत बसलो. नाकातोंडात राख. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"साहेब, माझा एकुलता एक पुरावा मी जालीन? येडी हाय काय मी?"

"फोन आलाय, काकू. बघावं लागतं."

"बघा, बघा. पन चाय घेतल्याशिवाय जायचं नाय. तोंड बघा आरशात, भूत झालाव दोघंपन."

मग त्यांनी चहा आणून दिला. म्हणाल्या, "नकाशा नाय गावला तर हिशोब संपला. सहा जणींना मी काय सांगू? घरी बसा म्हनून?" मी चहा संपवून उठलो. नकाशा लपवून जिचा तोटाच होणार ती तो का लपवेल, हे मला तिथंच कळायला हवं होतं. पण पोलिसाच्या कानाला फोन फार लवकर खरा वाटतो, हेही कबूल करतो.

(फोन करणारा दोन दिवसांत सापडला. शेजारच्या इमारतीतला गृहस्थ. धुरानं त्याच्या आईला खोकला लागायचा, म्हणून नकाशा हरवल्याचं कानावर येताच त्यानं मनानंच कथा रचली होती. फोनही शहाण्यानं स्वतःच्याच मोबाईलवरून केला होता. त्याला बोलावून चांगलं खडसावलं.)

मग दप्तर सांभाळणाऱ्या लिपिकाला जबाबासाठी बसवलं. निवृत्तीला थोडे महिने राहिलेला माणूस, घाम पुसत होता. फाईल कोण कोण वाचून गेलं विचारलं, तर फक्त तीन तज्ज्ञ. बाहेर कोणी काही नेताना पाहिलं नाही. मी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो. कंटाळलेला माणूस कधी कधी खरं तेवढंच बोलतो, हा माझा अनुभव. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, माझ्या फायलीला हात लावला की मला कळतं. शेजाऱ्यांचा मोजणीचा नकाशा मी चौघडी करून ठेवतो. परवा बघतो तर पंख्यासारखा दुमडलेला, नकाशाच्या नावाची पट्टी बरोब्बर वर. असली घडी मी नाही घालत."

मी खुर्चीत सरळ बसलो. ज्यानं एक नकाशा काढून नेला, त्यानं दुसरा सवयीनं नीट घडी घालून ठेवला होता. चोर अशी टापटीप ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताचा मोठा नकाशा काखेत मारून मी तज्ज्ञांचे जबाब घ्यायला निघालो. बोलणं झालं की नकाशा टेबलावर पसरायचा, काहीतरी विचारायचं आणि म्हणायचं, जरा घडी करून द्या. वास्तुविशारद बाईंनी त्याची सुरळी केली. नगररचनाकारांनी चार घड्या घातल्या, त्याही वाकड्या. राहिले नाना. त्यांनी घरी बरं नाही म्हणून कळवलं होतं, म्हणून मीच जीप काढली. वडखळपासून रस्त्यानं हाडं खिळखिळी केली, आणि हवालदार सगळ्या वाटेत म्हणत होता, "नाना? छे हो साहेब. देवमाणूस."

दार नानांनीच उघडलं. आवाजावरून मला ओळखलं. वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, चार दिवस ताप होता. त्या आत पडून होत्या. मी नकाशा पसरला, दोन प्रश्न विचारले, नानांनी नेमकी उत्तरं दिली. मग म्हटलं, "नाना, जरा घडी करून द्या."

नानांची बोटं कागदाच्या कडेवरून फिरली. मग ते थांबले आणि सहज बोलून गेले, "मोजणीच्या नकाशावर जागा ठरलेली असते. याची नावाची पट्टी कुठल्या कोपऱ्यात आहे?"

पट्टी त्यांच्या समोर होती. त्यावरची अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी होती.

नानांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी हात मांडीवर घेतले. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "कडेचं दिसतं, मधलं गेलं. चालता येतं, वाचता येत नाही. कोणाला सांगितलं नाही."

वहिनी शाल लपेटून दारात आल्या होत्या. "मी वाचून दाखवते त्यांना," त्या म्हणाल्या. "सगळे कागद. एक ओळ सोडत नाय. नकाशा आला की मी पातळ कागदावर काढून घेते, रेघांवर दोरा चिकटवते खळीनं. मग ते बोटानं बघतात."

इतर प्रकरणांच्या झेरॉक्स घरी यायच्या, त्यावर हे जमून जायचं. पण हा नकाशा इतका विटला होता की झेरॉक्समध्ये काही उमटेना. नानांनी शुक्रवारी तो कोटाच्या आत घालून घरी आणला, सोमवारी परत ठेवायचा म्हणून. त्याच रात्री वहिनी तापानं फणफणल्या. "हिला तशी टाकून येऊ कसा? आणि फोन करून सांगू काय, की तुमच्या तज्ज्ञाला दिसत नाही?" नाना म्हणाले. "चाळीस वर्षं मी नकाशेच वाचले हो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. एका बाईच्या भट्टीतली राख उकरून आलो होतो मी! थोडा आलाही. "नाना, तिकडं काकूंच्या घरात चूल धड पेटत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच ऐका," ते म्हणाले आणि कपाटातून नकाशा काढून आणला. "भट्टी आहे यात. शाई उडालीय, पण काढणाऱ्यानं निब दाबून चालवलंय. बोटाला खाच लागते."

"मी म्हटलं, तिथं काय नाय," वहिनी म्हणाल्या. "दोरा लावलाच नव्हता मी तिथं. तापात भांडलो आम्ही त्यावरून."

कागदावर दाबून लिहिलेलं वाचायला आम्हाला एक साधी गोष्ट शिकवतात: विजेरी आडवी धरायची. मी खिडकी लावून घेतली, विजेरी कागदाला टेकवून तिरपी पेटवली. चौकोन उमटला. त्यात बारीक दोन अक्षरं, भट्टी. हवालदाराच्या तोंडून "आयला!" निघालं आणि वहिनींसमोर म्हणून त्यानं जीभ चावली.

पंच बोलावून पंचनामा केला, नकाशा ताब्यात घेतला. निघताना वहिनी माझ्याजवळ आल्या. "भाऊ, यांचं नाव नाय ना येणार? दुसरं काय राहिलं नाय हो त्यांच्याकडं."

जीपमध्ये हवालदारही तेच म्हणाला. "कपाटामागं सापडला म्हणू, साहेब. कोणाचं काय जातंय?"

जात होतं काकूंचं. नकाशा मधले चार दिवस कुठं होता हे सांगितलं नाही, तर शेजाऱ्यांचा वकील पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता की ती खाच मधल्या काळात कोणीतरी ओढली. नानांचं नाव झाकलं तर भट्टी जाणार, भट्टी राखायची तर नाव उघडं पडणार. मी त्या रात्री नीट जेवलो नाही. सकाळी नानांचाच फोन आला. "सुनावणीला मी येतो. तुम्ही काही बोलू नका, मला बोलू द्या."

सुनावणीच्या दिवशी ते वहिनींचा हात धरून आले. आजवर वहिनी बाहेरच्या बाकावर बसत, त्या दिवशी आत आल्या. नाना उभे राहिले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: दिसत नाही, नकाशा मी नेला, लिपिकाचा आणि काकूंचा काही दोष नाही, या प्रकरणात माझं मत धरू नका. वकील उठलाच, खाच यांनीच केली म्हणायला. मी विजेरी तिरपी धरली. वास्तुविशारद बाई भिंग घेऊन वाकल्या. याच बाई आधीच्या सुनावणीत भट्टीच्या सगळ्यात जास्त विरुद्ध होत्या. बराच वेळ त्या वर बघेनात. मग म्हणाल्या, "खाचेच्या तळाशी जुनी शाई आहे. बाकीच्या नकाशाचीच." आणि भिंग ठेवून, डोळे मिटून त्यांनी तिथून एकदा बोट फिरवलं. "लागते," त्या हळूच म्हणाल्या.

उरलेल्या दोघा तज्ज्ञांनी आणि अध्यक्षांनी भट्टी ठेवली, धुराडं उंच करायच्या अटीवर. काकू पदरात तोंड घालून रडल्या. लबाडीचा हेतू नसेल तर चोरी होत नाही, तसा अहवाल देऊन मी तक्रार निकाली काढली.

नानांचा राजीनामा टाईप करून आणला. दोन वर्षं ते वहिनींकडून सहीच्या जागी आधीच नखानं खूण करून घेत, म्हणजे कोणाला कळू नये. त्या दिवशी त्यांनी पेन हातात घेतलं आणि भरल्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "कुठं करायची गो सही? दाखव मला." वहिनींनी त्यांचं बोट धरून कागदावर ठेवलं. अध्यक्ष उभे राहिले, मग सगळेच उभे राहिलो.

आयुष्यभर मी लोकांना विचारत आलो, काय लपवतोस? त्या प्रकरणानंतर आधी विचारायला लागलो, कशाला भितोस? निम्मे जबाब त्यानं सोपे झाले. गुन्हा नसलेली माणसंही लपवतात, आणि आपलं कमी होत चाललेलं काही लपवायला त्यांना चोरापेक्षा जास्त कष्ट पडतात.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या कानानं दगा दिला. आठवडाभर मी नुसती मान हलवून वेळ मारून नेली, पोलीसच शेवटी. मग एका सकाळी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हटलं, "जरा मोठ्यानं बोलत जा, मला ऐकू येत नाही." ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, "माहीत आहे मला. तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते."