खिडकीबाहेर गेलेला हात

मुलींच्या सुधारगृहाच्या फाटकावर बसणाऱ्या बाईला सगळे कुलूपमावशी म्हणत. घरी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे; शेजारच्या नवराबायकोचं भांडण मिटायच्या आत ही ते गल्लीभर करायची. पण फाटकावर बसली की तोंड बंद. अमुक मुलगी आत आहे का, असं कुणी विचारलं की एकच उत्तर: "आहे की नाही, ते इथे सांगत नाहीत." मंत्र्याने विचारलं तरी तेच, पोस्टमनने विचारलं तरी तेच! परवाना असलेले आईबाप मागच्या कचेरीतून भेटायला जात. फाटकाच्या खिडकीतून मात्र साधा रुमालसुद्धा घ्यायचा नाही. घेतला, म्हणजे मुलगी आत आहे हे कबूलच केलं की!

त्या दुपारी खिडकीत दिसला तो चक्क जावई.

"आई, माझ्या दुकानात कामाला होती ना, कुरळ्या केसांची पोरगी? तिला इथेच आणलंय म्हणे."

सकाळीच मावशीने त्या पोरीला आत घेतलं होतं.

"आहे की नाही, ते इथे सांगत नाहीत."

"अहो, मी काय परका आहे?" जावई हसला. मग त्याने खिशातून दम्याचा पंप काढला. "तिला दमा आहे. हा दुकानातच राहिला. तुम्ही काही बोलू नका, नुसता घ्या. पोरगी गुदमरून मेली तर पाप कुणाच्या माथी?"

आता आली का पंचाईत! मावशीचा हात गेला ना पुढे. बांगड्या चौकटीवर वाजल्या, तशी ती भानावर आली आणि त्याच हाताने तिने खिडकी ओढून घेतली.

"ठीक आहे," बाहेरून आवाज आला. "मग तुमची लेक तुम्हीच सांभाळा."

मावशी धावत नर्सकडे गेली. "त्या नव्या पोरीला दमा आहे का? तिच्या दुकानातून पंप आलाय." "दमा? छे हो! ठणठणीत आहे ती," नर्स म्हणाली. कोपऱ्यात बसलेल्या पोरीने ते ऐकलं आणि ती पांढरीफटक पडली. "मालक आलेत का? माझ्याकडे सापडलेल्या गांजाच्या पुड्या त्यांच्याच होत्या, हे मी पोलिसांना सांगितलंय. ते मला सोडायचे नाहीत."

मावशीला आपला बाहेर गेलेला हात आठवला. त्याचा अर्थ जावयाने ओळखला असेल? कदाचित नसेलही. गप्प बसली असती तर नोकरी शाबूत होती, अब्रूही. पण ती तडक अधीक्षकबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, माझा हात बाहेर गेला होता. आणि विचारणारा माझा जावई आहे."

अंधार पडायच्या आत पोरीला गाडीत बसवून दुसरीकडे हलवलं. कुठे, ते मावशीला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

घरी आली तर लेक पायरीवर बसलेली, शेजारी कपड्यांची बॅग. रडून रडून डोळे सुजले होते. "आई, एवढंच सांग, ती पोरगी तिथे आहे का? नाही म्हणालीस तरी चालेल. मगच हे मला घरात घेणार आहेत."

आता नाही म्हणणं खोटंही नव्हतं. पण ते ऐकून तो दुसरीकडे शोधायला मोकळा झाला असता. मावशीचा जीव तीळतीळ तुटत होता. आपली एकुलती एक लेक, आणि तिलाही तेच उत्तर द्यायचं!

"आहे की नाही, ते सांगत नाहीत गं बाळा," ती म्हणाली, आणि लेकीची बॅग तिने आत नेली.