विनाकारण

आमच्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, भावकीत बी.ए. झालेली पहिली मी. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या शिक्षणाचा मला उपयोग कमी आणि अडथळा जास्त झाला.

धुळ्याहून एस.टी.नं तासाभरावर आमचं गाव. घरात वडील, आई, मी आणि धाकटी बहीण. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. धाकटी सतरा वर्षांची होती. तिला बोलता येत नव्हतं. जेवायची, झाडायची, शेळीला पाला टाकायची. आणि चावायची. रोज नाही, पण चावली की रक्त निघेपर्यंत सोडायची नाही. मग आम्ही तिला ओढत मागच्या कापसाच्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावायचो. तासाभरानं ती शांत व्हायची. आम्हाला वाटायचं, शिक्षा लागू पडली.

घरात प्रत्येकाचा संशय वेगळा. आई म्हणायची, "कोनी तरी काही करेल शे." करणीच्या संशयानं तिची नजर शेजारच्या घरावर असायची. नाना म्हणायचे, "तिले बठ्ठं समजस. मुद्दाम करस ती." मलाही तसंच वाटायचं. चावायच्या आधी ती खांदा कानाजवळ न्यायची, डोळे मिटायची. मला त्यात लबाडी दिसायची.

त्या वर्षी ती थोरल्या आत्याला चावली. अंगठ्याला टाके पडले. नानांच्या ओळखीच्या कुणीतरी लांबच्या एका संस्थेचा पत्ता दिला. तिथे अशा मुली कायमच्या ठेवून घेत. तिथलं पत्रही आलं. नानांनी ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि आईसमोर सांगून टाकलं, "आखाजीले कोनले चावनी, ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीत बसाडस." आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. घर भरतं, आत्या येतात. म्हणजे ती जाणार हे ठरल्यासारखंच होतं.

आत्याच्या टाक्यांच्या वेळी धुळ्याच्या डॉक्टरांनी एका बाईंचं नाव सुचवलं होतं. त्या जळगावला अशा मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि मंगळवारी धुळ्याला बसायच्या. मी धाकटीला घेऊन गेले. बाई माझ्यापेक्षा लहान दिसल्या. औषध नाही, गोळी नाही. शंभर पानी वहीत तीन रकाने आखून दिले: आधी काय झालं, तिनं काय केलं, मग तुम्ही काय केलं.

"बस, एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच लिहिणं अवघड असतं," त्या म्हणाल्या.

मला राग आला. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मुलीला लिहिणं अवघड? शिवाय तिसरा रकाना मला खटकला. मग तुम्ही काय केलं! म्हणजे दोष आमचा? ही बाई आमचं घर कुठल्यातरी परीक्षेच्या वहीत उतरवणार, हे मी परतीच्या गाडीतच धरून चालले.

तरी लिहिलं. पंधरा दिवसांत पाच वेळा चावली. पाचही वेळा पहिल्या रकान्यात मी लिहिलं: 'विनाकारण आक्रमक झाली.' त्यानंतरच्या मंगळवारी बाईंनी लाल पेनानं पाचही ठिकाणचं 'विनाकारण' खोडलं.

"कारण नव्हतं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी समोर होते."

"मग काय दिसलं ते लिहा."

मी वही उचलली आणि तोंडदेखलं हो म्हटलं. मार्कांशिवाय लाल रेघ मारून घेणं मला नवीन होतं.

एका रविवारी बाई स्वतः आल्या. दिवसभर ओट्यावर बसून होत्या. आईनं मला चुलीपाशी बोलावून विचारलं, "हाई बाई काय पाहाले ऊनी?" मी म्हटलं, आपल्याला. दुपारी गल्लीतली एक म्हातारी ताक मागायला आली. धाकटीला पाहून तिला नेहमीसारखी दया आली. "माय वं, मनी सोनी!" म्हणत तिनं धाकटीच्या गालांवरून हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर न मोडता, लाडानं, तिच्याच कानांपाशी नेऊन बोटं कडाकडा मोडली. धाकटी तिच्या मनगटाला चावली. आम्ही धाकटीला खोलीत टाकलं. म्हातारीला हळद लावली.

बाईंनी विचारलं, "आधी काय झालं?"

"काहीच नाही. काकू आल्या, बोलल्या."

"आणि हात?"

"हात म्हणजे? आलाबला घेतली. ते काय लिहायचं?"

मीच वही उघडली. चावलेल्यांची यादी मला पाठ होती: पाचही म्हाताऱ्या बायका. नाना नाहीत, पोस्टमन नाही. कासारीण तर तिचा हात दाबून, पिळून बांगड्या भरायची, तिला कधीच नाही. आमच्याकडे बिचाऱ्या पोरीची आलाबला दुप्पट घेतात. माया कोण वहीत लिहितं?

तरी माझा विश्वास बसला नाही. बाईंनाही लगेच खात्री द्यायची नव्हती. "पडताळून बघा" म्हणून त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी धाकटीच्या पाठीवर थोपटलं. काही नाही. दंड धरले. काही नाही. मग गालांवरून हात फिरवून कानापाशी बोटं मोडली. खांदा वर गेला, डोळे मिटले, आणि माझं मनगट तिच्या दातांत. मी हात सोडवून घेतला तेव्हा ती कुणी न ओढताच उठली, कापसाच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि उभी राहिली. मी दार उघडावं म्हणून वाट बघत.

इतकी वर्षं आम्ही तिला जिथे कोंडत होतो, तिथे जायला ती चावत होती. जाड भिंतींची खोली. आत कुणाचा हात नाही, कुणाचा आवाज नाही.

बाईंनी सांगितलं ते सोपं होतं. कानाशी बोटं मोडायची नाहीत. भेटायचं तर दोन्ही हात पुढे करायचे, कासारिणीसारखे. आणि तिला खोली हवी असेल तर चावायच्या आधी कडी वाजवायला शिकवायचं. वाजवली की हातातलं टाकून दार उघडायचं. पहिले आठ दिवस मी तिचा हात धरून वाजवली. नंतर ती कधी वाजवायची, कधी विसरायची. एकदा आईला चावलीच. नाना हसले, "तुनी बाईनी वही कुठे गयी?"

आखाजीला आत्या आली. अंगठ्यावर व्रण तसाच. मी आईला, गल्लीला सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पण आत्याला सांगायची हिंमत झाली नव्हती. उंबऱ्यातच तिचे हात वर गेले. मी ते धरले.

"बी.ए. व्हयनी म्हनीसन आत्याना हात धरस का? मना हातले काय काटा शेतस?"

"आत्या, ऐक ना..."

"पोरनी आलाबला मी नही ते कोन लेई?" हात सोडवून घेऊन ती पुढे झाली. धाकटीचा खांदा वर गेला. डोळे मिटले. मी नानांकडे पाहिलं. त्यांचा हात बंडीच्या खिशावर होता.

धाकटी वळली. मागच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि कडी वाजवली. एकदा, मग जोरात दोनदा.

कुणी हललं नाही. आईचे हात पुरणात होते. नाना दाराच्या सर्वात जवळ होते. त्यांनी आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं, जणू हे मी पढवून आणलेलं नाटक आहे. कडी पुन्हा वाजली. ते उठले आणि त्यांनी दार उघडलं.

बऱ्याच वेळानं आतून दार वाजलं. तोवर मी आत्याला सगळं सांगितलं होतं. धाकटी बाहेर आली तेव्हा आत्या जमिनीवर बसली होती. पुटपुटत तिनं दोन्ही हात खाली, मांडीशी पुढे केले. "ये वं, तुन्या बांगड्या भरस." धाकटीनं हात दिले.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी आली. नाना ओट्यावर बसलेले. गाडीनं हॉर्न दिला, थांबली, गेली. मग त्यांनी मला हाक मारली, "ती वही वाचीसन दाखाड." त्यांना जेमतेम सही येत होती. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. लाल रेघेपाशी मी गाळून पुढे निघाले, पण त्यांनी बोट ठेवलं.

"हाई काय खोडेल शे?"

"विनाकारण," मी म्हटलं. "ते मी लिहिलं होतं."