गाडी विकायची नाही

डोंबिवलीत हिवाळा आधी नाकाला कळतो. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा आंबूस-कडवट वास पहाटे खाली बसतो आणि ऊन चढेपर्यंत हलत नाही. निशा त्यातल्याच एका रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये कामाला. आठवडाभर नाकात तोच वास. म्हणून थंडीतल्या रविवारी उजाडलं की ती आपली गोल दिव्याची, जुन्या घाटाची सेकंडहँड बुलेट काढायची आणि मुरबाडच्या रस्त्याला लागायची. छातीभर श्वास घ्यायला.

सत्तेचाळीस वर्षांची, उंचीला बेताची बाई. थंडीत सेल्फ लागायचा नाही, मग चोक ओढून किका मारत बसायची. सोसायटीतलं कोणीतरी हमखास म्हणायचं, "वहिनी, हे काय वय आहे का?"

"गाडीचं? नाही, तशी तरुण आहे," ती म्हणायची आणि पुढची किक मारायची.

मागच्या डिसेंबरात मुरबाडच्या पुढे, दवाने ओल्या वळणावर मागचं चाक सरकलं. निशा पडली, खांद्याचं हाड मोडलं. नवरा सुदेश दवाखान्यात धावत आला.

हात गळ्यात अडकवलेला असतानाच एका दुपारी बेल वाजली. दारात कोपरीहून आलेला विकी नावाचा तरुण.

"काकी, बुलेट बघायला आलेलो. काकांनी ऑनलाइन टाकलीय ना."

निशाने वळून पाहिलं. सुदेश उठून उभा राहिला होता, पण पुढे येत नव्हता.

"काकांनी टाकली असेल. गाडी माझ्या नावावर आहे आणि ती विकायची नाही."

विकी दोघांकडे बघून हसला. "मी पण नसती विकली, काकी," म्हणाला आणि जिना उतरला.

दार लागताच सुदेश चिडला. "बाहेरच्या माणसासमोर माझी काय किंमत राहिली?"

"बाहेरच्याला घरी कोणी बोलावलं? मला विचारलंस?"

"तुला परत काही झालं तर? दवाखान्यातून फोन मला आलेला, निशा. तुला नाही."

त्याची भीती खोटी नव्हती. "कळतंय रे मला. पण भीती तुझी आणि विकायची माझी गाडी, असं नाही चालणार."

हात बरा झाल्यावर ती गाडी टेम्पोत घालून कल्याणला रामा मेकॅनिककडे घेऊन गेली. त्याने टायरवर नख दाबलं. "नक्षी आहे, मॅडम, पण रबर दगड झालंय. थंडीत रस्ता धरणार कसा?"

"म्हणजे चूक टायरची?"

"अर्धी. वळणावर ब्रेक दाबलात की नाही?"

"दाबला."

"मग अर्धी तुमची."

तिने टायर बदलले, नवी बॅटरी बसवली. सीटचा फोम कापून घेतला, तेव्हा पहिल्यांदाच तिचे दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. धुक्यासाठी पिवळे दिवे, बोटं गारठू नयेत म्हणून हँडलला गार्ड. रिकाम्या मैदानात जाऊन ती ओल्या मातीवर हळूहळू ब्रेक दाबायला शिकली. लहान मुलं उभी राहून बघायची. बघू देत.

यंदा थंडी पडली तशी ती निघाली. सुदेश खाली आला. "कुठपर्यंत?"

"माळशेज."

"पोचलीस की फोन कर," एवढंच बोलून तो वर गेला.

गेल्या वर्षी पडली होती ते वळण आलं. तिने आधीच वेग कमी केला आणि ब्रेकला हात न लावता गाडी वळवून काढली. घाटात धुकं दाट होतं. पिवळ्या उजेडात कडेची पांढरी रेघ धरून ती चढत राहिली. वर टपरीवाल्याने चहा देताना विचारलं, "एकट्याच आलात?"

"दुसरं कोण दिसतंय?"

हवेत ओल्या गवताचा वास होता. तिने सुदेशला फोन लावला. "पोचले. आता पुढे ओतूरला चाललेय."

"अगं, माळशेजपर्यंत म्हणाली होतीस ना!"

"म्हणाले होते," निशा म्हणाली आणि हेल्मेट चढवलं.