चंपाषष्ठीचं वांगं

माझ्या आत्याचं शेत सांवेरच्या अलीकडे आहे. चहूबाजूंनी सोयाबीन-गव्हाची ऐसपैस शेतं आणि मधे हिचा रुमालाएवढा तुकडा. ती आणि काका, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त झाल्यावर शहरातलं, मल्हारगंजातलं घर आमच्या हवाली करून तिकडे राहायला गेले, तेव्हा सगळ्यांनी कपाळावर हात मारला. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई शेती काय करणार? असं म्हणणाऱ्यांत मी पुढे होते. आता दर रविवारी स्कूटरवरून रिकाम्या पिशव्या नेते आणि भरून आणते.

थंडी पडली की तिच्याकडे जायला निमित्त लागत नाही. मेथी इतकी कोवळी, की निवडायला बसावं तर अर्धी तोंडातच जाते. कुंपणावर वालोळीच्या शेंगांचा वेल चढलेला असतो. आणि गराडू! हा आमच्या माळव्यातला कंद. दिसायला मातीचं ढेकूळ, पण तळून वर लिंबू-मसाला पडला की भांडखोर माणूसही गप्प होतो. मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे.

आत्याची जनावरंही चारचौघांसारखी नाहीत. गाय नाही, कुत्रा नाही. पिसांपासून तुऱ्यापर्यंत काळ्याकुट्ट कडकनाथ कोंबड्या आहेत. आमच्या घरात अंडं उंबरठा ओलांडत नाही, पण कोंबड्या वाळवी खातात म्हणून त्यांना मानाचं स्थान. मोटरसायकल थांबवून कुणी विचारलं, "अम्मा, मुर्गी कितने की दी?" की आत्या चष्म्यावरून बघते, "भैया, ये सब्जी नहीं है." माणूस निमूट किक मारतो.

पण खरा रुबाब राजहंसांचा. एक नर, एक मादी. आत्या त्यांना लसणीच्या वाफ्यात सोडते. ते ओळींमधलं गवत मुळाशी खुडून खातात आणि लसणीच्या पातीला चोचही लावत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं नाही, बघून बघून तिनंच ताडलं. निंदणीला बाई मिळत नाही म्हणून आजूबाजूचे शेतकरी कावलेले असतात, आणि इकडे दोन पांढरेशुभ्र कामगार माना डोलवत वाफे साफ करताहेत. मला तर त्या बाईच्या बुद्धीला हात जोडावेसे वाटतात. राखणही तेच करतात. फाटकाशी परका दिसला की नर मान लांब करून फिस्कारत धावतो. आमच्याकडच्या गल्लीतल्या दादांसारखा छाती काढून चालतो म्हणून आत्या त्याला 'भिया' म्हणते. काम झालं की ती जुन्या धोतराच्या फडक्यातून मक्याचे दाणे आणते. पांढरं फडकं दिसलं की भिया धावलाच.

गेल्या पावसाळ्यात काकांना कावीळ झाली. कावीळ गेली, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. खाण्यावर प्रेम करणारा हा माणूस दोन घासांत ताट सारू लागला. अंगावरचा सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा. डॉक्टर म्हणाले, औषधं पुष्कळ झाली, आता पोटात अन्न जायला हवं. आत्यानं काय काय करून पाहिलं! भुट्ट्याचा कीस झाला, मेथीचे पराठे झाले, पहिला गराडू झाला. काका तिच्या समाधानासाठी तोंडात घालायचे आणि म्हणायचे, "मस्त झालंय गं, पण आता बस." ते ऐकून ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायची.

एकदा ते आपणहून म्हणाले, "चंपाषष्ठीला भरीत खाईन."

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मास लागला की घरात कांदा, लसूण, वांगं बंद. ते सुटायचं चंपाषष्ठीला, भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून. लसणीचे वाफे फुलवणारी बाई तोवर लसणीच्या पाकळीला शिवत नाही. मी चिडले. "काका, वांगी झाडाला लटकलीयेत, आजच खा ना यार! आजारी माणसाला सगळं माफ असतं." ते हसले. "अगं, वाट बघण्यासारखं एवढं एकच उरलंय, ते पण काढून घेतेस?"

त्यात वांग्यांना अळी लागली. आत्या विषारी औषध फवारत नाही. एकामागून एक वांगी किडत गेली आणि शेवटी भरताचं मोठं, जांभळं, निरोगी असं एकच उरलं. तिनं त्याला फडक्यात गुंडाळून वर दोरा बांधला. फडकं अर्थातच त्याच जुन्या धोतराचं.

चंपाषष्ठीला मी सकाळीच पोचले. आत्या न्हाऊन सोवळ्यात होती. कांद्याची पात आणायला ती भाजीच्या वाफ्यात गेली. तिथलं झापडं, म्हणजे कुडाचं दार, चिंधीनं बांधलेलं असतं, आणि सोवळ्यात त्या चिंधीला हात कसा लावायचा? तिनं मला हाक मारून ती सोडायला लावली, मला चूल पेटवायला परत पाठवलं, आणि येताना झापडं कोपरानं नुसतं लोटून घेतलं. वांगं नंतर काढू म्हणाली.

थोड्या वेळानं आम्ही दोघी गेलो, तर भिया वाफ्यात. दोरा तुटलेला, फडकं चिखलात, आणि वांग्याचा खालचा अर्धा भाग गायब.

आत्या वाफ्याच्या कडेला बसली. मी म्हणाले, "मी सांवेरहून आणते, बाजारात ढीग पडलेत." तिनं मान हलवली. "त्यांनी याची वाट बघितलीये गं. रोज विचारायचे, केवढं झालं म्हणून." त्या हंसाची मान मुरगळावी असं वाटलं. शाकाहारी असून वाटलं.

मागे काठीचा आवाज आला. कित्येक दिवसांत ओटा न उतरलेले काका वाफ्यापर्यंत चालत आले होते. त्यांनी फडकं पाहिलं, चोचीला चिकटलेल्या बिया पाहिल्या, आणि पोट धरून हसायला लागले.

"अगं, आज कुत्र्याला नैवेद्य देतात ना? खंडोबाची राखण करतो म्हणून?"

"हो. मग?"

"मग आपल्याकडे राखण कोण करतं? भियानं आपला वाटा घेतला, बस."

"देवाच्या आधी? उष्टं झालं ते!"

"देवाला भाकरी आणि कांद्याची पात दाखव. तो समजूतदार आहे. हे मला भाजून दे."

आत्यानं चोचीकडचा भाग कापून टाकला आणि उरलेलं वांगं निखाऱ्यावर ठेवलं. साल तडकली, तसा तो करपट गोडसर वास ओट्यापर्यंत गेला. भरीत झालं ते वाटीभर. तिनं जवळजवळ सगळं काकांना वाढलं, आपल्या ताटात नावाला चमचाभर घेऊन जिभेला लावलं. मी वांग्याला नाही म्हटलं.

काकांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. आम्ही दोघी त्यांच्या हाताकडे बघत होतो. भाकरी संपली. त्यांनी बोटानं ताट पुसून घेतलं आणि वर बघितलं.

"अजून आहे?"

महिनोन्‌महिने आम्ही या दोन शब्दांसाठी कान टवकारून बसलो होतो, आणि भांडं रिकामं होतं. आत्यानं आपलं ताट पुढे सरकवलं.

"माझं उष्टं आहे हो."

"हंसाचं चाललं," काका म्हणाले, "तुझं नाही चालणार?"